डेटाबेस आणि इंटिग्रेशनची जोडणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पणजी, वेर्णे, फोंडा, म्हापसा इथून मला जे प्रश्न येतात ते बहुतेक तेच तेच असतात. विचारणारे वेगवेगळे असतात. कोणी हॉटेलचे बुकिंग सांभाळतो, कोणी पतसंस्थेचे सॉफ्टवेअर, कोणी औषध कारखान्याचे गोदाम. अडचण एकच: इथली माहिती तिथे सुखरूप पोचत नाही. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. साधे आधी आणि किचकट नंतर, अशी मांडणी आहे. एकच गोष्ट दोनदा सांगावी लागू नये म्हणून जागोजागी प्रश्नांचे क्रमांक दिले आहेत.

माझा आग्रह आधीच सांगतो. टेबल ज्याचे, त्यानेच त्यात हात घालावा. बाकीच्यांनी दारावर येऊन मागावे. आणि दारातून जाणारी वस्तू कधी दोनदा जाईल, कधी जाणारच नाही, हे धरूनच रचना करावी.

१. सेवाभिमुख इंटिग्रेशन म्हणजे काय, आणि डेटाबेस त्यात कुठे बसतो?

हॉटेलात खोल्यांचे बुकिंग एका प्रणालीत असते, रेस्टॉरंटचे बिल दुसरीत, हिशेब तिसरीत. सेवाभिमुख रचनेत प्रत्येक प्रणाली आपले काम ‘सेवा’ म्हणून बाहेर मांडते: ‘या पाहुण्याचे बिल दे’, ‘ही खोली राखून ठेव’. मागणाऱ्याला आतल्या टेबलांची नावे ठाऊक असावी लागत नाहीत. या सेवांना जोडणारे मधले सॉफ्टवेअर म्हणजे इंटिग्रेशनचा थर. कोणी त्याला ईएसबी (एंटरप्राइज सर्व्हिस बस) म्हणतात, कोणी नुसते मिडलवेअर.

पण पुष्कळ जुन्या प्रणालींकडे सेवा नसतेच, असतो तो फक्त डेटाबेस. मग इंटिग्रेशनच्या थराला त्या डेटाबेसशी बोलून बाहेरच्यांपुढे तो सेवेसारखा उभा करावा लागतो. पुढचे सगळे प्रश्न या कामातले आहेत.

२. आमची दोनच सॉफ्टवेअर आहेत. एकाने दुसऱ्याच्या डेटाबेसमधून थेट वाचले तर काय बिघडते?

आज काहीच बिघडत नाही. ज्या दिवशी दुसऱ्या सॉफ्टवेअरवाला आपल्याच टेबलातल्या रकान्याचे नाव बदलतो, त्या दिवशी तुमचे काम बंद पडते. त्याला तर तुम्ही तिथे वाचत होता हेही ठाऊक नसते. त्याहून वाईट म्हणजे अर्थ बदलतो आणि कळत नाही. ‘स्थिती’ या रकान्यातला ३ हा आकडा काल ‘रद्द’ होता आणि आज ‘स्थगित’ झाला, तर तुमचा अहवाल चुकत राहतो पण कुठेच त्रुटी दिसत नाही. थेट लिहिणे तर नकोच. व्याज मोजण्याचे, शिल्लक तपासण्याचे नियम त्या सॉफ्टवेअरच्या कोडमध्ये असतात आणि तुम्ही ते ओलांडून आत शिरता.

अहवालापुरते वाचायचे असेल तर मालकाकडून एक व्ह्यू (टेबलातले निवडक रकाने दाखवणारी खिडकी) बनवून घ्या आणि त्या व्ह्यूवरच वाचण्याची परवानगी मागा. आतले टेबल बदलले तरी व्ह्यू तसाच ठेवणे ही मग मालकाची जबाबदारी होते, आणि ती लेखी असावी.

३. ड्रायव्हर आणि अडॅप्टर एकच का?

नाही. ड्रायव्हरला डेटाबेसची भाषा येते: जोडणी उघडायची, एसक्यूएल (डेटाबेसला आज्ञा द्यायची भाषा) पाठवायचे, ओळी आणायच्या. ड्रायव्हरांसाठीचे ओडीबीसी हे प्रमाण १९९२ मध्ये आले आणि जेडीबीसी १९९७ मध्ये जावासोबत. अडॅप्टर त्याच्या वर बसतो. जोडण्यांचा पूल (आधीच उघडून ठेवलेल्या जोडण्यांचा साठा) सांभाळणे, ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळे होते किंवा काहीच होत नाही अशा व्यवहारात) सामील होणे, ओळींचे एक्सएमएल किंवा जेसन या मजकुराच्या मांडणीत रूपांतर करणे, नवी नोंद आली का हे बघत राहणे, ही कामे त्याची. जावाच्या जगात या अडॅप्टरांसाठी जेसीए नावाचे प्रमाण २००१ मध्ये ठरले. अपाचे कॅमलसारख्या साधनांत त्यांनाच ‘कंपोनंट’ म्हणतात. ड्रायव्हर नेहमी डेटाबेसच्या आवृत्तीला साजेसा घ्या. पुष्कळ अनाकलनीय त्रुटी जुन्या ड्रायव्हरच्या निघतात.

४. डेटाबेस सांभाळणाऱ्यांकडून सुरुवातीला काय काय मागून घ्यायचे?

सर्व्हरचा पत्ता आणि पोर्ट आधी घ्या. ठरावीक पोर्ट ओरॅकलला १५२१, पोस्टग्रेसला ५४३२, मायएसक्यूएलला ३३०६ आणि एसक्यूएल सर्व्हरला १४३३. पण ते बदललेले असू शकतात. ओरॅकल असेल तर सर्व्हिस नेम मिळाले की एसआयडी, हे विचारून घ्या. डेटाबेस ओळखण्याची ही दोन वेगळी नावे आहेत. दोन्हींची जोडणीची ओळ वेगळी लिहितात आणि पहिला दिवस हमखास तिथेच जातो. फक्त इंटिग्रेशनसाठी वेगळा युजर मागा. अक्षरसंच, टाइमझोन आणि जास्तीत जास्त किती जोडण्या चालतील, हेही तेव्हाच विचारा. हे तीन प्रश्न राहून गेले की प्रश्न ५, १३ आणि १४ मधल्या अडचणी उभ्या राहतात.

५. कनेक्शन पूल किती मोठा ठेवावा? जास्त ठेवला तर वेग वाढेल ना?

वाढत नाही, बहुधा घटतो. आधी गणित करा. सेकंदाला ५० विनंत्या येतात आणि प्रत्येकीला डेटाबेसमध्ये २० मिलिसेकंद लागतात, तर एका क्षणी सरासरी एकच जोडणी कामात असते. गर्दीच्या वेळेसाठी आठ-दहा पुरतात. हिकारीसीपी या प्रचलित पूलची मुळातली मर्यादा १० आहे, आणि बहुतेकांना ती पुरते असाच माझा अनुभव आहे.

दुसरी बाजू डेटाबेसची. पोस्टग्रेसमध्ये मुळात १०० जोडण्या चालतात आणि त्यातल्या ३ व्यवस्थापकासाठी राखीव असतात. मायएसक्यूएलमध्ये १५१. तुम्ही ४ सर्व्हरवर प्रत्येकी ३० चा पूल ठेवला की १२० झाल्या. आडदिवशी काही कळत नाही. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, हॉटेले भरलेली असताना, चौथा सर्व्हर जोडणीविना उभा राहतो. पूलचा आकार ठरवताना सगळ्या सर्व्हरांची बेरीज करा, आणि त्याच डेटाबेसवर चालणाऱ्या इतर सॉफ्टवेअरांचीही.

६. रोज सकाळची पहिली विनंती अयशस्वी होते, दुसऱ्यांदा केली की चालते. हे काय आहे?

पूलमधली जोडणी रात्रीत मेलेली असते आणि पूलला ते कळलेले नसते. मायएसक्यूएल ८ तास, म्हणजे २८८०० सेकंद, काम न झालेली जोडणी स्वतःहून तोडतो. संध्याकाळी बंद झालेली पतसंस्था सकाळी उघडते तोवर तेवढा वेळ उलटून गेलेला असतो. मध्ये फायरवॉल असेल तर ती याहून कितीतरी लवकर, आणि दोन्ही बाजूंना न सांगता, जोडणी विसरते. लिनक्सची टीसीपी कीपअलाइव्ह (जोडणी जिवंत आहे का हे तपासणारी सोय) मुळात २ तासांनी सुरू होते, तोवर उशीर झालेला असतो. पावसाळ्यात वीज गेली आणि राउटर पुन्हा सुरू झाला की परिणाम तोच.

उपाय: पूलमधल्या जोडणीचे आयुष्य या सगळ्या मर्यादांपेक्षा कमी ठेवा (हिकारीसीपीत ते मुळात ३० मिनिटे असते) आणि जोडणी हातात देण्यापूर्वी ती जिवंत आहे का हे तपासायला लावा. ‘पहिल्यांदा अयशस्वी झाले तर पुन्हा करा’ एवढेच लिहून सोडू नका. ती पहिली विनंती खरोखर पोचलेली असेल तर काय होते, ते प्रश्न ११ मध्ये आहे.

७. टेबलात नवी नोंद आली हे इंटिग्रेशनला कळायचे कसे?

पोदेर (पाववाला) सायकलवरून भोंगा वाजवत आला की घरातले माणूस बाहेर येते. दर पाच मिनिटांनी दार उघडून रस्त्यावर कोणी बघत नाही. डेटाबेस मात्र सहसा भोंगा वाजवत नाही, म्हणून दार उघडून बघावे लागते. त्याला पोलिंग म्हणतात. त्याचे प्रकार आणि प्रत्येकातला खड्डा सांगतो.

पहिला प्रकार स्थितीच्या रकान्याचा. नवी ओळ ‘न’ असते, वाचून झाली की आपण ती ‘झ’ करतो. यात एकही नोंद सुटत नाही. पण त्या टेबलात लिहिण्याची परवानगी लागते, आणि मालक ती द्यायला नाखूश असतो. त्याचे बरोबरच आहे.

दुसरा प्रकार ‘कुठवर वाचले’ हे लक्षात ठेवण्याचा: शेवटचा क्रमांक किंवा शेवटची बदलल्याची वेळ. हा सगळ्यांना सोपा वाटतो आणि सगळ्यात जास्त नोंदी इथेच हरवतात. समजा एका व्यवहाराला ५०१ क्रमांक मिळाला आणि तो अजून चालू आहे. दुसऱ्याला ५०२ मिळाला आणि तो लगेच कमिट (पक्का) झाला. तुम्ही वाचले, ५०२ दिसला, खूण ५०२ वर ठेवली. मग ५०१ कमिट झाला. तो तुम्हाला यापुढे कधीच दिसणार नाही. महिन्याला एक-दोन नोंदी सुटतात आणि कारण कोणालाच सापडत नाही. म्हणून या पद्धतीत दर वेळी मागची पाच-दहा मिनिटे पुन्हा वाचा आणि दोनदा आलेले प्रश्न ११ प्रमाणे गाळा. शिवाय बदलल्याची वेळ सॉफ्टवेअर भरत असेल तर कोणी हाताने केलेली दुरुस्ती दिसत नाही, आणि पुसलेली ओळ तर दिसणारच नाही.

तिसरा प्रकार ट्रिगरचा, म्हणजे डेटाबेसमध्येच आपोआप चालणाऱ्या छोट्या कोडचा. मुख्य टेबलात काही बदलले की ट्रिगर एका वेगळ्या टेबलात एक ओळ टाकतो आणि आपण तेवढेच टेबल वाचतो. पुसलेलेही कळते. पण ट्रिगर चुकला तर मुख्य सॉफ्टवेअरचे लिहिणेच अडते, म्हणून तो शक्य तितका लहान ठेवा.

चौथा प्रकार डेटाबेसची नोंदवहीच, म्हणजे लॉग, वाचण्याचा. त्याला सीडीसी (चेंज डेटा कॅप्चर) म्हणतात. त्याबद्दल प्रश्न ९ पाहा.

माझे मत विचाराल तर गावच्या पतसंस्थेला किंवा मध्यम हॉटेलला पहिला किंवा तिसरा प्रकार आणि ३० सेकंदांचे पोलिंग पुरते. सांभाळायला माणूस नसेल तिथे भारी यंत्रणा बसवू नये.

८. एक सर्व्हर बंद पडला तर दुसरा असावा म्हणून दोन सर्व्हरवर पोलिंग लावले. आता नोंदी दोनदा जातात.

दोघेही एकाच क्षणी त्याच ‘न’ ओळी वाचतात. ओळी वाचतानाच कुलूप लावा आणि दुसऱ्याने कुलूपबंद ओळी सोडून पुढच्या घ्याव्यात असे सांगा. एसक्यूएलमध्ये हे ‘फॉर अपडेट स्किप लॉक्ड’ असे लिहितात. पोस्टग्रेसमध्ये ते ९.५ पासून आहे, मायएसक्यूएलमध्ये ८.० पासून, ओरॅकलमध्येही आहे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘रीडपास्ट’ ही सूचना वापरतात. नुसते ‘फॉर अपडेट’ लिहिले तर दुसरा सर्व्हर पहिल्याची वाट बघत बसतो आणि दोन सर्व्हर असूनही काम एकाचेच होते.

पण मग क्रम टिकत नाही. खाते उघडल्याची नोंद एका सर्व्हरकडे आणि त्यात पैसे भरल्याची दुसऱ्याकडे गेली, तर दुसरी आधी पोचू शकते. क्रम महत्त्वाचा असेल तर एका खात्याच्या सगळ्या नोंदी एकाच सर्व्हरकडे जातील अशी वाटणी करा.

९. सीडीसी बसवले आणि काही दिवसांनी मुख्य डेटाबेसचीच डिस्क भरली. असे का?

पोस्टग्रेसमध्ये लॉग वाचणाऱ्यासाठी एक ‘रेप्लिकेशन स्लॉट’ असतो. वाचणाऱ्याने ‘इथवर मिळाले’ असे सांगेपर्यंत डेटाबेस तो लॉग टाकून देत नाही. वाचणारा बंद पडला, मग कारण पावसात तुटलेली केबल असो की सुट्टीवर गेलेला माणूस, लॉग साठत जातो आणि शेवटी डिस्क भरून मुख्य काम थांबते. पोस्टग्रेस १३ पासून साठ्यावर मर्यादा घालता येते, पण ती मुळात घातलेली नसते. मर्यादा घाला. ती ओलांडली तर स्लॉट निकामी होतो आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून वाचावे लागते, हेही मालकाला आधी सांगा. ज्या स्लॉटचा वाचणारा कायमचा गेला, तो स्लॉट त्याच दिवशी पुसा.

१०. डेटाबेसमध्ये लिहायचे आणि संदेशही पाठवायचा. दोन्ही व्हावे किंवा दोन्ही होऊ नये, हे कसे साधायचे?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा आहे.

आधी लिहिले आणि संदेश पाठवण्याआधी वीज गेली, तर बुकिंग झाले पण हिशेबाला कळले नाही. आधी संदेश पाठवला आणि लिहिणे फसले, तर न झालेल्या बुकिंगचे बिल निघाले. क्रम उलटसुलट करून हे सुटत नाही.

जुना उपाय म्हणजे दोन टप्प्यांचे कमिट. त्याचे एक्सए हे प्रमाण १९९१ चे आहे. समन्वयक आधी दोघांना विचारतो ‘तयार आहात का?’, दोघे हो म्हणाले की ‘करा’ म्हणतो. मधल्या क्षणी समन्वयकच पडला तर दोघेही ओळींना कुलूप लावून वाट बघत राहतात, कधी कधी कोणीतरी येऊन हाताने सोडवेपर्यंत. पोस्टग्रेसमध्ये यासाठी लागणारी सोय मुळात बंद असते, आणि काफ्कासारखी संदेश यंत्रणा एक्सएमध्ये भागच घेत नाही.

मी आउटबॉक्स वापरतो. त्याच डेटाबेसमध्ये एक टेबल ठेवायचे. बुकिंगची ओळ आणि ‘हा संदेश पाठवायचा आहे’ ही ओळ एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहायची. एकतर दोन्ही राहतील, नाहीतर दोन्ही जातील. मग एक वेगळे काम ते टेबल वाचून (प्रश्न ७ आणि ८) संदेश पाठवते आणि पाठवल्याची खूण करते. पाठवून झाल्यावर पण खूण करण्याआधी ते पडले, तर संदेश पुन्हा जाईल. म्हणजे संदेश हरवत नाही, फार तर दोनदा जातो. दोनदा आलेले ओळखता येते, हरवलेले ओळखता येत नाही. म्हणून मी नेहमी हाच सौदा पत्करतो.

११. मग तोच संदेश दोनदा आला तर घेणाऱ्याने काय करायचे?

हे मी किंमत मोजून शिकलो. एका सहकारी संस्थेत दूध उत्पादकांचे पैसे खात्यात भरायचे काम माझ्या कोडमधून होत होते. चवथीच्या आधीचा हप्ता होता. बँकेच्या बाजूचे उत्तर वेळेत आले नाही, माझ्या कोडने ‘अयशस्वी’ समजून पुन्हा पाठवले, आणि काही खात्यांत रक्कम दोनदा जमा झाली. सणाच्या तोंडावर लोकांना फोन करून पैसे परत मागावे लागले. ते फोन मी स्वतः केले. उत्तर न येणे म्हणजे अपयश नव्हे, हे त्या दिवसापासून मी विसरलेलो नाही.

प्रत्येक व्यवहाराला पाठवणाऱ्याने एक ओळख द्यावी आणि घेणाऱ्याच्या टेबलात त्या ओळखीवर युनिक बंधन (तीच ओळख दुसऱ्यांदा न घेणारे) असावे. ओळख व्यवहारातूनच बनवा, उदाहरणार्थ संस्था, सभासद आणि पंधरवडा. दर प्रयत्नाला नवा यादृच्छिक क्रमांक काढला तर तिचा काही उपयोग नाही. ‘आधी शोधू, नसेल तर टाकू’ असेही लिहू नका. दोन प्रती एकाच क्षणी आल्या तर दोघींनाही ‘नाही’ असेच दिसते. डेटाबेसच्या बंधनालाच नकार देऊ द्या. पोस्टग्रेसमध्ये ‘ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग’ (आधीच असेल तर काही करू नको) ९.५ पासून आहे. दुसऱ्या वेळी पाठवणाऱ्याला त्रुटी न देता पहिल्या वेळचेच उत्तर द्या, म्हणजे तो थांबेल.

१२. मग एक्सए कधीच वापरू नये का?

दोन्ही बाजू एकाच यंत्रकक्षात आहेत, दोघींना एक्सए येते, व्यवहार थोडे आहेत आणि अडकलेला व्यवहार सोडवणारा माणूस हाताशी आहे, तर वापरा. इंटरनेटपलीकडच्या प्रणालीशी मात्र नको.

१३. मराठी-कोंकणी नावे पलीकडे प्रश्नचिन्हे होऊन पोचतात. कुठे बिघडते?

आधी काय दिसते ते नीट बघा. ‘????’ दिसत असेल तर अक्षरे गेली, ती परत येत नाहीत; मूळ ठिकाणाहून पुन्हा आणा. एका अक्षराऐवजी तीन विचित्र लॅटिन चिन्हे दिसत असतील तर बाइट शाबूत आहेत, फक्त चुकीच्या अक्षरसंचात वाचले गेले आहेत. ते दुरुस्त होते.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये रकाना ‘एनव्हारचार’ हवा. नुसत्या ‘व्हारचार’मध्ये देवनागरीची प्रश्नचिन्हे होतात; २०१९ च्या आवृत्तीपासून यूटीएफ-८ चे कोलेशन (अक्षरे साठवण्याचा आणि जुळवण्याचा नियम) निवडले तरच ते टळते. मायएसक्यूएलमध्ये ‘यूटीएफ८’ नावाचा अक्षरसंच ३ बाइटांपर्यंतच जातो. त्यात देवनागरी मावते, पण पाहुण्याने अभिप्रायात इमोजी टाकली की त्रुटी येते. ‘यूटीएफ८एमबी४’ वापरा.

ओरॅकलमध्ये वेगळाच धोका आहे: रकान्याची लांबी मुळात बाइटांत मोजली जाते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेते आणि काना-मात्राही वेगळे चिन्ह असते. ‘काणकोण’ म्हणजे ६ चिन्हे, १८ बाइट. १५ बाइटांच्या रकान्यात ते मावत नाही. लांबी ‘चार’मध्ये (कॅरेक्टर, म्हणजे चिन्हांत) जाहीर करा.

गोव्यात आणखी एक थर आहे. जुन्या प्रणालींतली पोर्तुगीज वळणाची नावे, शेपटीवाला सी किंवा टिल्डवाला ए असलेली, लॅटिन-१ मध्ये साठवलेली असतात. त्यात ही अक्षरे १ बाइटची, यूटीएफ-८ मध्ये २ बाइटांची. फाइल कोणत्या संचात आहे हे विचारल्याशिवाय वाचू नका.

शेवटची खोच मराठीचीच. ‘कऱ्हाडकर’ मधला ऱ् काही कीबोर्ड ऱ + हलन्त असा लिहितात, काही र + हलन्त + झेडडब्ल्यूजे (न दिसणारे जोडचिन्ह) असा. डोळ्यांना एकच दिसते, डेटाबेसला दोन वेगळी नावे. काही ठिकाणी र + नुक्ता (अक्षराखालचे टिंब) असेही येते. एनएफसी नावाचे युनिकोडचे सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एक करणे) नुक्तावाले सारखे करते, झेडडब्ल्यूजेवाले करत नाही. तो नियम इंटिग्रेशनच्या थरात स्वतः लिहावा लागतो. म्हणून नावावरून जुळणी करूच नका. रोमनमध्ये तर मडगाव रेल्वे स्थानकाच्या पाटीवर एक आणि नगरपालिकेच्या पाटीवर दुसरेच असते. सभासद क्रमांक, गावाचा कोड यांवरून जुळवा.

१४. तारीख पलीकडे एक दिवस मागे जाते.

१५ तारखेची मध्यरात्र भारतीय वेळेत म्हणजे यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) १४ तारखेचे १८:३०. मधल्या कोणीतरी तारखेला ‘वेळेसह तारीख’ केले, यूटीसीत नेले आणि वेळ कापून टाकली की एक दिवस गेला. जन्मतारीख, मुदत ठेवीची तारीख, चेक-इनची तारीख यांना वेळ जोडूच नका. पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसती तारीख राहू द्या. ओरॅकलच्या ‘डेट’ प्रकारात वेळही असते, हे लक्षात असू द्या.

जुन्या तारखांचे दोन अपवाद. मायएसक्यूएलचा ‘टाइमस्टॅम्प’ १९७० च्या आधीचे आणि १९ जानेवारी २०३८ नंतरचे धरत नाही, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या मालमत्तेची नोंद त्यात बसणारच नाही. दुसरा ज्येष्ठ सभासदांच्या जन्मतारखांचा. १९४३ मध्ये, महायुद्धामुळे, ब्रिटिश हिंदुस्थानची घड्याळे यूटीसीच्या साडेपाचऐवजी साडेसहा तास पुढे होती. गोवा तेव्हा पोर्तुगालकडे होता, पण संगणकाच्या ‘एशिया/कोलकाता’ टाइमझोनमध्ये हा जादा तास आहेच. एक बाजू ठोकळ साडेपाच धरते आणि दुसरी टाइमझोनची यादी वापरते, तेव्हा त्या वर्षीची मध्यरात्र तासाभराने सरकते आणि तारीख बदलते.

१५. रकमेत पैशांचा फरक येतो, आणि मोठ्या खाते क्रमांकाचे शेवटचे आकडे बदलतात.

दोन्हींचे मूळ एक: फ्लोट, म्हणजे आकडा अंदाजाने साठवणारा प्रकार. रकमा डेसिमलमध्ये (दशांश नेमके साठवणाऱ्या प्रकारात) ठेवा. जेसन वाचणारी पुष्कळ साधने प्रत्येक आकडा फ्लोट धरतात आणि ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढे पूर्णांक नेमके राहत नाहीत. तो आकडा १६ अंकी आहे, खाते क्रमांक त्याहून लांब असू शकतात. खाते क्रमांक, आधार, फोन हे आकडे नव्हेत, ती अक्षरे आहेत. अवतरणांत पाठवा, म्हणजे पुढचे शून्यही टिकेल. त्याच जातीची एक चूक: ओरॅकल रिकाम्या अक्षरमालेला ‘नल’, म्हणजे ‘मूल्य माहीत नाही’, असे मानतो, बाकीचे मानत नाहीत. ‘मधले नाव नाही’ आणि ‘मधले नाव माहीत नाही’ हा फरक ओरॅकलमधून जाताना पुसला जातो.

१६. रात्री लाखभर नोंदी पाठवताना सगळे मंदावते किंवा मेमरी संपते.

बेतीच्या धक्क्यावरून फेरीबोट एका माणसासाठी सुटत नाही आणि पूर्ण भरेपर्यंत तासभर थांबतही नाही. नोंदींचे गठ्ठे असेच ठरवा: ५०० जमल्या किंवा ५ सेकंद झाले, जे आधी होईल तेव्हा सोडा.

ओरॅकलचा जेडीबीसी ड्रायव्हर मुळात एका फेरीत १० ओळी आणतो. १ लाख ओळींना १० हजार फेऱ्या. सर्व्हर दूर असून फेरीला ४० मिलिसेकंद लागत असतील तर ४०० सेकंद नुसत्या येण्याजाण्यात जातात. फेच साइज (एका फेरीत आणायच्या ओळींची संख्या) वाढवा. पोस्टग्रेसचा ड्रायव्हर उलट सगळ्या ओळी एकदम मेमरीत घेतो. ऑटोकमिट (प्रत्येक आज्ञा लगेच पक्की करणे) बंद करून फेच साइज दिली तरच तुकड्यांनी आणतो. आणि रोज रात्री सगळे टेबल उचलायचे असेल तर ते काम सेवांचे नाही, ईटीएलचे (माहिती घाऊक उचलून, बदलून दुसरीकडे भरणाऱ्या साधनांचे) आहे.

१७. आमची मुख्य माहिती अजून फॉक्सप्रोत आहे. जोडता येईल का?

येईल, पण थेट चालू फाइलींवर नको. व्हिज्युअल फॉक्सप्रोचा आधार जानेवारी २०१५ मध्ये संपला आहे, ओडीबीसी ड्रायव्हर ३२ बिटांचा आहे आणि फाइल उघडी असताना बाहेरच्याने कुलूप लावले तर इंडेक्स बिघडू शकतो. दिवसातून दोनदा फाइलींची प्रत काढा, ती पोस्टग्रेसमध्ये भरा आणि सेवा त्यावरून द्या. मराठी मजकूर जुन्या फॉन्टच्या संकेतात असेल तर आधी युनिकोडमध्ये आणा, आणि हजारभर नावे त्या संस्थेतल्याच जुन्या कारकुनाकडून तपासून घ्या. त्या नावांचे बरोबर लेखन त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

१८. एक डेटाबेस मंदावला की आमच्या सगळ्याच सेवा लटकतात.

खाजनातली मानस, म्हणजे खाडीकाठच्या शेताच्या बांधातले दार, आठवा. भरती चढली की पाण्याच्याच दाबाने दार मिटते आणि खारे पाणी शेतात शिरत नाही. ओहोटीला ते आपोआप उघडते. असेच दार प्रत्येक डेटाबेसपुढे हवे. त्याला सर्किट ब्रेकर म्हणतात. ठरावीक अपयशे झाली की थोडा वेळ विनंती आतच जाऊ द्यायची नाही, लगेच ‘आत्ता नाही’ म्हणायचे, मग एखादी सोडून बघायची.

त्याआधी टाइमआउटचा क्रम लावा. आतला बाहेरच्यापेक्षा कमी असावा: क्वेरीला ५ सेकंद, सेवेला ८, मागणाऱ्याला १०. हिकारीसीपीत जोडणी मिळण्याची वाट मुळात ३० सेकंद बघितली जाते. मागणारा १० सेकंदांत निघून गेलेला असतो आणि त्याचे काम आत चालूच राहते. प्रत्येक डेटाबेसला वेगळा पूल ठेवा, म्हणजे एकाची भरती दुसऱ्याच्या शेतात येणार नाही.

१९. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यामुळे काय बदलते?

कायदा २०२३ चा आहे. कायद्याचा सल्ला वकिलाकडून घ्या. जोडणीपुरते मी इतके सांगेन. गरज नसलेला रकाना पाठवूच नका. इंटिग्रेशनच्या लॉगमध्ये पूर्ण संदेश लिहायची सवय सोडा, आधार आणि फोन क्रमांक तिथेच वर्षानुवर्षे पडून राहतात. पासवर्ड कॉन्फिगरेशनच्या फाइलीत उघडा नको. आणि बाहेरून आलेला मजकूर एसक्यूएलला चिकटवून क्वेरी बनवू नका, पॅरामीटर (मूल्य आज्ञेपासून वेगळे पाठवण्याची सोय) वापरा.

२०. दोन्ही डेटाबेसमध्ये बदल होतात आणि दोन्हीकडे पाठवायचे आहेत. आता एकच बदल इकडून तिकडे फिरत राहतो.

अ ने पाठवलेला बदल ब मध्ये लिहिला की ब ला तो ‘नवा बदल’ दिसतो आणि तो अ ला परत पाठवतो. प्रत्येक ओळीत ‘हा बदल कोणी केला’ असा रकाना ठेवा. इंटिग्रेशनच्या युजरने केलेले बदल उचलायचेच नाहीत. दुसरा पहारा म्हणून लिहिण्याआधी मूल्य खरोखर वेगळे आहे का ते बघा. सारखे असेल तर लिहू नका.

दोन्हीकडे एकाच वेळी वेगवेगळा बदल झाला तर ‘शेवटचा जिंकतो’ हा नियम बहुतेक जण लावतात, आणि कोणाचे तरी काम न सांगता पुसले जाते. त्यापेक्षा रकान्यागणिक मालक ठरवा: पत्ता शाखेचा, व्याजदर मुख्य कार्यालयाचा. जिथे मालक ठरवता येत नाही तिथे दोन्ही मूल्ये एका वेगळ्या टेबलात टाका आणि रोज सकाळी कोणीतरी ते उघडून निवाडा करील असे माणूस नेमा. त्या माणसाचे नाव जोडणीच्या कागदपत्रात लिहिलेले असल्याशिवाय मी दुतर्फा जोडणी सुरू करत नाही.